‘पोस्टिंग’ म्हणजे बदली नव्हे, आणि लिलावही नव्हे

प्रश्न असा आहे: ‘अमेरिकी बेसबॉलच्या बातम्या मराठीत आणताना दोन शब्दांपाशी गाडी अडते. जपानी क्लब आपल्या खेळाडूला “पोस्ट” करतो आणि मग अमेरिकेतला संघ त्याला “साइन” करतो. पहिल्या शब्दासाठी आमच्यापैकी एकाने “बदली” सुचवलं, दुसऱ्याने “लिलाव”, तिसऱ्याने “विक्री”. यातलं बरोबर काय? आणि जाता जाता, ओतानी की ओहतानी?’

‘बदली’ आधी निकालात काढू. पोस्टिंग म्हटलं की आपल्या कानाला तहसीलदाराचं पोस्टिंग ऐकू येतं. गडचिरोलीला पोस्टिंग झालं, जम्मूला झालं, साइड पोस्टिंग दिलं. हुकूम वरून येतो, खातं तेच, पगार देणारा तोच, माणूस फक्त जागा बदलतो. बेसबॉलच्या पोस्टिंगमध्ये यातलं काहीच नाही. इंग्रजीत ‘पोस्ट’ हे दोन वेगळ्या कुळांतले शब्द आहेत. हुद्दा आणि टपाल या अर्थांचा पोस्ट एका घरातला, खांब या अर्थाचा दुसऱ्या. खांबावर नोटीस डकवायची, म्हणून पोस्ट करणं म्हणजे जाहीर लावणं. फेसबुकवर आपण जी पोस्ट टाकतो ती या दुसऱ्या घरातली, आणि बेसबॉलचं पोस्टिंगही तिथलंच. जपानी क्लब आपल्या लीगच्या आयुक्तांना कळवतो, तिथून अमेरिकी आयुक्तांच्या कार्यालयाला कळतं आणि ते मेजर लीगच्या (अमेरिकेतली सर्वांत वरची स्पर्धा) तीसही संघांना सांगतं की अमुक खेळाडूशी बोलणी करायला हरकत नाही. हे सांगणं म्हणजेच पोस्टिंग. तिथून पुढे जे होतं ते वेगळं.

गंमत म्हणजे आपल्या अर्थाचं पोस्टिंगही या इतिहासात झालं, आणि ते अंगाशी आलं. 1964 साली नानकाइ हॉक्स या जपानी क्लबने मासानोरी मुराकामी या तरुण डावखुऱ्या पिचरला (बेसबॉलमधला चेंडू टाकणारा) आणखी दोघांबरोबर सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या दुय्यम संघांत शिकायला पाठवलं. जपानीत अशा पाठवणीला बेसबॉलचं ‘र्‍यूगाकु’ म्हणतात, म्हणजे परदेशी शिक्षण. आपल्या सरकारी भाषेत ही चक्क प्रतिनियुक्ती. पण पोरगा चांगला निघाला. 1 सप्टेंबर 1964 रोजी तो न्यूयॉर्कमध्ये मेट्सविरुद्ध थेट मेजर लीगमध्ये उतरला, आणि तिथे खेळलेला पहिला जपानी ठरला. करारात दहा हजार डॉलर देऊन त्याला ठेवून घेण्याची सोय होती, जायंट्सनी त्यावर बोट ठेवलं. हॉक्स म्हणाले, आमचा माणूस परत द्या. बरीच ताणाताणी होऊन तो 1965 चा हंगाम तिकडे खेळला आणि मग मायदेशी परतला. त्यानंतर दोन्ही देशांच्या बेसबॉलने 1967 मध्ये एकमेकांच्या खेळाडूंना हात न लावण्याचा करार केला, आणि 1995 पर्यंत मेजर लीगमध्ये एकही जपानी दिसला नाही.

ही कोंडी फोडली ती एका शब्दाने, आणि त्या शब्दाला मराठीत अगदी तयार प्रतिशब्द आहे. किन्तेत्सु बफेलोजचा पिचर हिदेओ नोमो 1994 च्या शेवटी क्लबशी बिनसल्यावर निवृत्त झाला. वय 26. जपानी नियमात ‘निन्इ इन्ताइ’ असा एक वर्ग आहे, शब्दशः स्वेच्छानिवृत्ती. असा निवृत्त खेळाडू पुन्हा खेळायला आला तर जपानात जुन्याच क्लबचा. पण जपानाबाहेर त्याच्यावर कोणाचा हक्क, याबद्दल नियम गप्प होता. नोमोचा एजंट डॉन नोमुरा याने ही फट बरोबर हेरली. फेब्रुवारी 1995 मध्ये नोमो लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला आणि त्याच वर्षी नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. आपल्याकडे बँकेतून व्हीआरएस घेऊन लोकांनी बहुतेक दुकानं टाकली. याने मेजर लीग गाठली. तेव्हा नोमोबद्दल लिहाल तर ‘निवृत्तीचं नाटक’ वगैरे नको, ‘स्वेच्छानिवृत्ती’ लिहा, तो नियमातला शब्द आहे.

मग 1997 मध्ये हिदेकी इराबूचं प्रकरण झालं. चिबा लोट्टे मरीन्सने त्याचे हक्क परस्पर सॅन डिएगो पाड्रेसना देऊन टाकले, तो म्हणाला जाईन तर न्यूयॉर्क यांकीजकडेच, आणि शेवटी गेलाही. एकीकडे खेळाडू निसटतोय, दुसरीकडे क्लब परस्पर देवाणघेवाण करतोय, आणि बाकीचे अमेरिकी संघ बोंबा मारताहेत, अशा अवस्थेत डिसेंबर 1998 मध्ये पोस्टिंग पद्धत ठरली.

आता ‘लिलाव’. हा शब्द सुचणं साहजिक आहे, आयपीएलने तो आपल्या तोंडी बसवला आहे. पण सुरुवातीच्या पोस्टिंगचं काम कसं चालायचं ते बघा. खेळाडूचं नाव जाहीर झालं की इच्छुक संघांना चार कामकाजाचे दिवस. प्रत्येकाने एक आकडा गुपचूप आयुक्तांच्या कार्यालयाला द्यायचा. दुसऱ्याचा आकडा कळत नाही, आपला वाढवता येत नाही. सर्वांत मोठी रक्कम जपानी क्लबला कळवली जायची, कोणी दिली ते न सांगता. क्लबने ती मान्य केली की त्या एकाच संघाला खेळाडूशी बोलायला तीस दिवस.

यात पॅडल वर होत नाही, हातोडा पडत नाही. लिलाव हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द आपण उघड्यावरच्या चढाओढीसाठी वापरतो, आणि त्यातली ‘बोली’ तर नावाप्रमाणे बोललेली असते. लखोट्यातला आकडा कोणी बोलत नाही. ग्रामपंचायतीच्या फलकापासून महापालिकेच्या जाहिरातीपर्यंत आपण ज्याला ‘मोहोरबंद निविदा मागविण्यात येत आहेत’ म्हणतो, ते हे. जपानी वर्तमानपत्रंही त्या काळात या पद्धतीला ‘न्यूसात्सु’ म्हणत; शब्दशः चिठ्ठी आत टाकणं, आणि तिथल्या सरकारी निविदांनाही हाच शब्द. ज्याची चिठ्ठी लागली त्याचं ‘राकुसात्सु’ झालं. तेव्हा 2012 पर्यंतच्या गोष्टी लिहिताना ‘निविदा’ बिनधास्त वापरा. नोव्हेंबर 2000 मध्ये ओरिक्स ब्लूवेव्हच्या इचिरो सुझुकीसाठी सिॲटल मरिनर्सची 1 कोटी 31 लाख 25 हजार डॉलरची निविदा सर्वांत मोठी ठरली. वाक्य कुठे अडलं का?

निविदा म्हटलं की आकड्यांतले खेळही समजतात. समोरच्याने गोल रक्कम भरली असेल तर आपण वर थोडी चिल्लर टाकायची, ही कंत्राटदारांची जुनी खोड. 2006 मध्ये सेइबू लायन्सच्या दाइसुके मात्सुझाकासाठी बोस्टन रेड सॉक्सने भरलेली रक्कम अशी: 5 कोटी 11 लाख 11 हजार 111 डॉलर आणि 11 सेंट. त्याच मोसमात हानशिन टायगर्सच्या केइ इगावासाठी यांकीजनी 2 कोटी 60 लाख 194 डॉलर भरले. इगावाने त्या वर्षी 194 फलंदाज स्ट्राइकआउट केले होते. 2011 च्या डिसेंबरात यू दारविशसाठी टेक्सास रेंजर्सनी 5 कोटी 17 लाख 3 हजार 411 डॉलर टाकले, म्हणजे मात्सुझाकाचा विक्रम मोडला. हे सगळं क्लबला. खेळाडूचा पगार वेगळा: मात्सुझाकाला सहा वर्षांचे 5 कोटी 20 लाख, दारविशला सहा वर्षांचे 6 कोटी.

‘विक्री’ का नको, तेही इथेच कळतं. निविदा लागली म्हणजे खेळाडू मिळाला असं नाही, फक्त त्याच्याशी बोलण्याचा हक्क मिळाला. 2010 मध्ये राकुतेन गोल्डन ईगल्सच्या हिसाशी इवाकुमासाठी ओकलंडची 1 कोटी 91 लाखांची निविदा लागली, बोलणी फिसकटली, ओकलंडला एक पैसाही द्यावा लागला नाही आणि इवाकुमा मुकाट राकुतेनमध्ये परतला. ‘ओकलंडने इवाकुमाला विकत घेतलं’ असं तेव्हा कोणी छापलं असतं तर महिन्याभरात दुरुस्ती द्यावी लागली असती.

पण 2013 च्या डिसेंबरात नियम पालटले, आणि ‘निविदा’ही बाद झाली. आता क्लबच रक्कम सांगणार, जास्तीत जास्त 2 कोटी डॉलर, आणि ती द्यायला तयार असलेल्या कोणत्याही संघाशी खेळाडू बोलू शकणार. मासाहिरो तानाकाने जानेवारी 2014 मध्ये यांकीजशी सात वर्षांचा साडेपंधरा कोटींचा करार केला. त्याच्या जपानी क्लबच्या, राकुतेनच्या, हाती मात्र दोन कोटीच. 2017 मध्ये शोहेइ ओतानी एंजल्सकडे गेला तोही याच दोन कोटींवर. 2018 पासून टक्केवारी आली: कराराच्या पहिल्या अडीच कोटींवर 20 टक्के, पुढच्या अडीच कोटींवर साडेसतरा, त्यावरच्या सगळ्यावर पंधरा. 2023 च्या डिसेंबरात योशिनोबु यामामोतोने डॉजर्सशी बारा वर्षांचा साडेबत्तीस कोटींचा करार केला. हिशोब करा: 50 लाख, अधिक 43 लाख 75 हजार, अधिक 4 कोटी 12 लाख 50 हजार. त्याच्या ओरिक्स क्लबला 5 कोटी 6 लाख 25 हजार डॉलर मिळाले, आणि हे यामामोतोच्या खिशातून नव्हे, वरचे.

या रकमेला काय म्हणायचं? ‘हस्तांतरण शुल्क’ वाचलं की सोसायटीत फ्लॅट नावावर करतोय असं वाटतं. माझं मत ‘हक्कसोड रक्कम’ला. सातबारा पाहिलेल्या कोणत्याही घरात हक्कसोडपत्र हा शब्द माहीत असतो. एखाद्याने कायद्याने आपला असलेला हक्क लिहून सोडून द्यायचा. क्लब नेमकं तेच करतो. खेळाडू त्याच्या मालकीचा नसतो, करारातून येणारा हक्क त्याचा असतो. (फरक एवढाच की आपल्याकडे हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या बहुधा फुकटात घेतल्या जातात.) जपानी शब्द ‘जोतोकिन’, त्यातल्या ‘जोतो’चा अर्थही हक्क दुसऱ्याला देणं.

राहिला ‘पोस्ट करणे’. आज या क्रियेत निविदा नाही, लिलाव नाही. आहे ती 45 दिवसांची बोलणीची मुदत. म्हणून नाम म्हणून ‘पोस्टिंग’ ठेवावं, जपान्यांनीही ते ‘पोसुतिंगु’ करून ठेवलंच आहे, आणि क्रियापद लागेल तिथे ‘बोलणी खुली करणे’ वापरावं: ‘ओरिक्सने यामामोतोसाठी बोलणी खुली केली.’ यात कर्ता क्लब आहे हे महत्त्वाचं. ‘यामामोतोने पोस्टिंग घेतलं’ असं लिहू नका. पोस्टिंग हा खेळाडूचा हक्क नाही, क्लबची मर्जी आहे. खेळाडूचा स्वतःचा हक्क म्हणजे परदेशासाठीची फ्री एजन्सी, क्लबला न विचारता हव्या त्या संघाकडे जाण्याची मोकळीक, आणि ती मिळायला जपानात नऊ हंगाम लागतात. हंगाम भरायला पहिल्या संघात 145 दिवस. फुकुओकाचा सॉफ्टबँक हॉक्स क्लब बोलणी खुली करत नाही म्हणून प्रसिद्ध. तिथला कोदाइ सेंगा नऊ वर्षं भरेपर्यंत थांबला आणि 2022 अखेर मुक्त होऊन मेट्सकडे गेला. हॉक्सना छदामही मिळाला नाही. बाकीचे क्लब आधीच का सोडतात ते यावरून उमगेल.

आणि मर्जीची किंमतही क्लब मोजतो. पंचविशीच्या आतला खेळाडू अमेरिकेच्या दृष्टीने शिकाऊ; त्याला मोठा करार करता येत नाही, मर्यादित बोनस आणि दुय्यम संघाचा करारच मिळतो. जानेवारी 2025 मध्ये 23 वर्षांचा रोकी सासाकी 65 लाखांच्या बोनसवर डॉजर्सकडे गेला. अशा करारात हक्कसोड रक्कम बोनसच्या चौथा हिस्सा, म्हणजे त्याच्या चिबा लोट्टे क्लबला 16 लाख 25 हजार. यामामोतोच्या आकड्याशेजारी ठेवून बघा. दोन वर्षं थांबले असते तर लोट्टेच्या तिजोरीत कितीतरी भर पडली असती.

‘साइन करणे’ सोपं आहे, पण एक खोच आहे. सिनेमाच्या बातमीत नट सिनेमा साइन करतो, खेळाच्या बातमीत संघ खेळाडूला साइन करतो. मराठी वाचकाला पहिली सवय जास्त, त्यामुळे ‘डॉजर्सने सासाकी साइन केला’ हे कानाला सासाकी नावाचा सिनेमा असल्यासारखं लागतं. ‘करारबद्ध केलं’ हा रुळलेला शब्द आहे, तो वापरा. बातमीच्या अंगाला ‘ताफ्यात दाखल’ चालेल, मथळ्याला ‘डॉजर्सच्या गळाला सासाकी’ही शोभेल, निरनिराळे संघ गळ टाकून बसलेले असताना ते खोटंही नाही. जपानी बातमीत याच घटनेला ‘मेजा चोसेन’ म्हणतात, मेजर लीगला भिडणं. तिथे कर्ता खेळाडू असतो. जपानी मजकुरावरून लिहीत असाल तर ‘आव्हान स्वीकारलं’ करा, उगाच ‘करारबद्ध’ घुसडू नका, कारण कित्येकदा ती बातमी करार व्हायच्या बरीच आधीची असते.

आता नावं. ओतानी. रोमन लिपीतला तो एच म्हणजे आधीचा ओ लांब म्हणण्याची खूण आहे, ह नव्हे. सुझुकी, मात्सुझाका यांत मराठीला अडचण नाही, झाडातला झ आपल्याकडे आहेच. आणि दारविश, ओतानी ज्या जपानी क्लबकडून गेले त्याचं नाव फोडताना जपा: निप्पॉन हॅम ही मांस विकणारी कंपनी, फायटर्स हा तिचा संघ. ‘हॅम फायटर्स’ असं कोणी लढत नाही.