सुपरबाइक ताशी २९९ किलोमीटरच्या पुढे का जात नाहीत? इंजिनात दम नसतो का?

दम भरपूर असतो, मुद्दाम लगाम घातलेला असतो. १९९९ साली सुझुकीची हायाबुसा आली आणि थेट ताशी ३०० किलोमीटरच्या वर गेली. युरोपात बंदीची चर्चा सुरू झाली, तेव्हा मोठ्या कंपन्यांनी आपापसात समजूत करून रस्त्यावरच्या बाइक इलेक्ट्रॉनिक्सने २९९ वर अडवल्या. पहिल्या हायाबुसाच्या मीटरवर आकडे ३५० पर्यंत होते. २००१ पासूनच्या मीटरवर २८० नंतरच्या खुणांपुढे आकडाच नाही!

तसंही त्या टप्प्यावर खरा शत्रू हवा. वेग दुप्पट करायचा तर हवा कापायला साधारण आठपट ताकद लागते. म्हणून हायाबुसा दिसायला फुगीर असली तरी हवेतून सफाईने निघते.

कावासाकी निंजा एच२आरला हा लगाम नाही, पण ती फक्त ट्रॅकसाठी. ९९८ सीसी, सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंप), ३०० च्या वर अश्वशक्ती. २०१६ मध्ये तुर्की बाइक रेसर केनान सोफुओग्लूने तुर्कस्तानातल्या उस्मान गाझी पुलावर तिच्यावरून सुमारे २६ सेकंदांत ४०० गाठले.

बाइक घेताना मात्र टॉप स्पीड बघू नका. ब्रेक आणि टायर बघा.