‘पूस की रात’मध्ये पीक उद्ध्वस्त झाल्यावर गरीब शेतकरी हल्कू खूश का होतो?
आधी सुरुवातीचे तीन रुपये बघा, प्रेमचंदांची सगळी कथा त्यांवर उभी आहे. घोंगडीसाठी मजुरीतून साठवलेले ते पैसे वसुलीला आलेल्या सहना नावाच्या माणसाच्या देण्यात जातात आणि हल्कू पौषाच्या थंडीत जबरा कुत्र्याला कवटाळून शेत राखतो. नीलगाई शिरल्याचं कळल्यावर तो उठतो, दोन-तीन पावलं चालतो आणि गार वाऱ्याने पुन्हा शेकोटीपाशी येऊन बसतो. हा आळस नव्हे. परीक्षेत तसं लिहू नका, फार अन्याय होतो त्याच्यावर! पिकलं तरी ते देणं भागवण्यातच जाणार, म्हणून शेती सोडा असं त्याच्या बायकोने, मुन्नीने आधीच म्हटलेलं असतं. शेवटी मात्र तिला मालगुजारीसाठी, म्हणजे शेतसाऱ्यासाठी, मजुरी करावी लागण्याची चिंता, आणि त्याला आता थंडीत इथे झोपावं लागणार नाही याचं समाधान. उत्तरात हे दोन चेहरे शेजारी ठेवा.