मागचं आधी, पुढचं नंतर

दत्तजयंतीला सारंगखेड्याचा (जि. नंदुरबार) घोडेबाजार, पाठोपाठ माळेगावची (जि. नांदेड) यात्रा. घोड्यांची मोठी ने-आण या दिवसांत होते, तीही बहुतेक पिकअपमधून. या वेळचे प्रश्न त्याबद्दलचेच आहेत.

प्रश्न : सारंगखेड्याहून काठेवाडी घोडी आणायची आहे. घोडी गाडीत चढली नाही की चार जण दोर ओढतात आणि मागून काठी घालतात, असं पाहिलंय. दुसरा काही मार्ग आहे का? (शिरूर, जि. पुणे)

आहे, आणि तो दोरापासून नव्हे, जमिनीपासून सुरू होतो. पिकअपचा हौदा जमिनीपासून साधारण अडीच-तीन फूट उंच असतो. तेवढी उडी मारताना घोडीची नळी (गुडघ्याखालचं हाड) फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेच्या कडेवर आपटली, की पुढच्या वेळी ती गाडीजवळही येत नाही. म्हणून गाडी शेताच्या बांधाला किंवा मातीच्या ढिगाला मागून लावा, म्हणजे हौदा जमिनीला समपातळीत येईल. बांध नसेल तर किमान आठ फूट लांब आणि चार फूट रुंद भक्कम फळ्यांचा उतार करा. फळी हलता कामा नये. वर माती आणि पेंढा पसरा, कारण टापेखाली पोकळ आवाज आला की घोडं बिचकतं. उजेडातून अंधारात पाहायला घोड्याच्या डोळ्यांना आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, तेव्हा ऊन हौद्यात पडेल अशी गाडी उभी करा.

आता ओढण्याचं. पुढून ताणलं की घोडं मान वर करून मागे रेटतं. मान वर गेली की पुढचे पाय उचलतं आणि कानामागचा भाग वरच्या पाइपावर आदळतो. तिथली जखम जिवावर बेतू शकते. मोतद्दाराने (घोडा सांभाळणाऱ्याने) घोडीच्या डाव्या खांद्याशी उभं राहावं. मोरकीला (तोंडावरच्या दोरीच्या पट्ट्याला) दहा फुटी सुती दोर असावा. तो हाताला गुंडाळू नये. घोडी थांबली की दोरावर हलका, एकसारखा ताण ठेवायचा आणि तिने एक पाऊल टाकलं की त्याच क्षणी दोर सैल सोडायचा. सैल दोर हेच तिचं बक्षीस. ताण सोडायला उशीर झाला तर ती काहीच शिकत नाही. मागच्या माणसाने तिरकं, लाथेच्या टप्प्याबाहेर उभं राहून लांब काठीने पुठ्ठ्यावर (मागच्या भागावर) नुसतं टिचकवायचं; पाऊल पडलं की थांबायचं. अडणाऱ्या घोडीला अशी दोन-तीन दिवस, रोज अर्धा तास सवय लागते. बाजारात एवढा वेळ नसतो, म्हणून पैसे मोजण्याआधी विकणाऱ्यालाच घोडी गाडीत चढवून दाखवायला सांगा. तोंड बघून दात मोजणारे पुष्कळ असतात, हे कुणी बघत नाही.

घोडी आत गेली की आधी मागचा आडवा बांबू लावायचा आणि मगच डोकं बांधायचं. उतरवताना उलट: आधी डोकं सोडायचं, मग बांबू काढायचा. हा क्रम चुकला की मोठे अपघात होतात. डोकं बांधलेलं आणि मागे मोकळं, अशा वेळी घोडी मागे सरकते, दोर कानामागे ताणला जातो, ती घाबरून आणखी जोर लावते आणि दोर किंवा मोरकी तुटली की फाळक्यावरून पाठीवर पडते.

प्रश्न : मान किती लांब बांधावी? आखूड बांधली की घोडा शांत राहतो असं म्हणतात. (लोहा, जि. नांदेड)

तो शांत दिसतो, एवढंच. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो. श्वासनलिकेतला कफ आणि धूळ तो मान खाली घालून बाहेर टाकतो. तासन्‌तास मान वर बांधून ठेवली की ती घाण फुप्फुसात उतरते आणि दोन-तीन दिवसांनी ताप आणि न्यूमोनिया होऊ शकतो. दोर असा ठेवा की तोंड छातीच्या खालपर्यंत जाईल, पण पाय दोरात अडकणार नाही. दर तीन-चार तासांनी गाडी सावलीत थांबवा, डोकं मोकळं सोडून मान खाली घालू द्या आणि पाणी पाजा. प्रवास आठ तासांपेक्षा जास्त असेल तर मध्ये उतरवून विश्रांती द्या.

गाठ सुरगाठच हवी. निरगाठ बसली तर आणीबाणीत सुटत नाही. दोर थेट कडीला बांधू नका. कडीला सुतळीचं एक वेटोळं घाला आणि त्यात दोर बांधा. घोडा पडलाच तर सुतळी तुटते, मान वाचते. खिशात धारदार चाकू ठेवा. गाडीत अगाडी-पिछाडी (पुढचे-मागचे पाय बांधायचे दोर) अजिबात नको. घोडा पाय फाकवून तोल सावरतो. पाय जखडले की पहिल्या वळणालाच आडवा होतो.

प्रश्न : झोपेचं इंजेक्शन द्यावं का? (बारामती)

स्वतःच्या मनाने कधीही नको. गुंगीतल्या घोड्याला तोल सावरता येत नाही. शिवाय काही औषधांनी नर घोड्याचं लिंग बाहेर लोंबतं आणि कायमचं निकामी होऊ शकतं.

प्रश्न : हौद्यात खाली काय अंथरावं? आणि ड्रायव्हरला काय सांगावं? (सिन्नर)

नुसत्या लोखंडी पत्र्यावर नाल घसरते. रबरी मॅट उत्तम. नाहीतर तीन-चार इंच वाळू आणि वर पेंढा. नुसता पेंढा मुताने भिजला की साबणासारखा होतो. ताडपत्री वरून आणि समोरून हवी, पण चारही बाजूंनी बंद नको. थंडीच्या रात्रीही घोड्याच्या अंगाची उष्णता आणि मुताचा उग्र वास बाहेर जायला वाट लागते.

प्राणी वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत घोड्यांसाठी वेगाची मर्यादा ताशी ३५ किलोमीटर आहे. एका गाडीत चार ते सहापेक्षा जास्त घोडे नकोत. दोन घोड्यांमध्ये किमान ८ सेंटीमीटर जाडीचा बांबू हवा आणि ट्रकमध्ये आडवे उभे केले तर तोंडं डावीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांपासून दूर. ड्रायव्हरला एकच सांगा: घाटात उतरताना खालचा गिअर, ब्रेक हळूहळू दाब. झटक्याने दाबलेला ब्रेक तो विसरतो, घोड्याचे गुडघे विसरत नाहीत. पिकअपमध्ये एकटा घोडा मधोमध उभा करा. दोन असतील तर जड घोडा उजवीकडे, कारण आपल्याकडे रस्ता डावीकडे उतरता असतो.

प्रश्न : कागदपत्रं आणि घरी आल्यावरची काळजी? (शिरपूर)

नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला गाडीत हवाच. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी झाली आहे का, तेही विचारा. हा रोग माणसाला होतो आणि त्याची लस नाही. निघण्याआधी चंदी (धान्याचा खुराक) नको, फक्त कडबा किंवा वाळलेलं गवत. घरी आल्यावर आधी पाणी, मग गवत. चंदी दुसऱ्या दिवशी, तीही निम्मी. नवा घोडा पागेतल्या इतरांपासून तीन आठवडे वेगळा ठेवा, बादलीसुद्धा वेगळी. पहिले पाच दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. निरोगी घोड्याचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं. त्याच्या वर गेलं, घोडा खोकू लागला किंवा गवताला तोंड लावेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा आणि तो किती तास गाडीत उभा होता, हे त्यांना आवर्जून सांगा.