‘पारेव’ लिहिले आहे, सासूबाईंना चालेल का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. शेजारच्या हायलंड पार्कमधल्या इस्रायली-ज्यू बेकरीतले पदार्थ मुलांना फार आवडतात. सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्या अंडे खात नाहीत. बऱ्याच पदार्थांवर ‘पारेव’ लिहिलेले असते. ते त्यांना द्यावे का?

उत्तर : नुसत्या त्या शब्दावर विसंबून देऊ नका. पारेव म्हणजे त्यात दूध नाही आणि मांस नाही, एवढेच. ज्यू आहारनियमांत दूध आणि मांस एकत्र चालत नाही. अंडे मात्र दोन्हींबरोबर चालते. त्यामुळे लोणी टाळून तेल वापरलेला आणि अंडी घातलेला केकसुद्धा पारेवच ठरतो. आपल्या घरात नेमके उलटे, तूप हवे आणि अंडे नको. दूध न पचणारे मूल घरात असेल, तर हा शब्द खरा कामाचा. ‘कोशर’, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणारे, म्हटले की डुकराची चरबी नाही हे नक्की, पण शाकाहाराची हमी त्यात नाही.

दुकानात दोन प्रश्न वेगवेगळे विचारा : पिठात अंडे आहे का? आणि भाजण्याआधी वरून अंडे लावले आहे का? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आले की आपण निर्धास्त होतो आणि दुसरा राहून जातो. तिथल्या पदार्थांची चकाकी बहुधा त्या वरच्या अंड्याचीच असते. वेणी घातलेल्या हाला पावाच्या पिठातही साधारणपणे अंडे असते. ‘वॉटर हाला’च्या पिठात नसते, पण तिच्या वरच्या लेपाचे विचारायलाच हवे. चॉकलेटचा बाबका, म्हणजे पीळ दिलेला गोड पाव, सासूबाईंसाठी घेऊ नका. रुगेलाख (सारण भरून गुंडाळलेली छोटी बिस्किटे) आणि बुरेकास (सारण भरलेले खारे पफ) दुकानागणिक वेगळे असतात. बुरेकासच्या चीजच्या सारणातही अंडे फेटून घालण्याची रीत आहे.

सासूबाईंसाठी साधा बेगल, म्हणजे मधे भोक असलेला गोल पाव, घ्या. मैदा, पाणी, यीस्ट, मीठ, थोडे माल्ट. भाजण्याआधी उकळत्या पाण्यातून काढतात म्हणून तो चिवट होतो. पिटा हा चपटा पावही चालेल. आणि ताहिनीचा हलवा, म्हणजे तीळ वाटून साखरेच्या पाकात केलेला, तो जरूर घ्या. संक्रांतीच्या वडीवर वाढलेल्या माणसाला तो परका वाटत नाही. घटक तेवढे एकदा वाचा.

जायचे तर शुक्रवारी सकाळी. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि डिसेंबरात इथे साडेचारलाच सूर्य मावळतो, तेव्हा कोशर बेकरी दुपारीच बंद होते. शनिवारी फेरी फुकट जाईल.

सासूबाईंनाही एकदा बरोबर न्या, ही माझी मनापासूनची विनंती. जाताना गाडीत त्यांना रायगडच्या किनाऱ्यावरच्या बेने इस्रायलींबद्दल सांगा. ते मराठी बोलणारे ज्यू, पूर्वी तेलाचे घाणे चालवणारे. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्या नववर्षाला, रोश हशानाला, गव्हाच्या चिकाचा हलवा होतो, तोही नारळाच्या दुधातला. गाईचे दूध नाही, म्हणून मांसाच्या जेवणानंतरही चालतो. पारेव म्हणजे काय, हे सासूबाईंना या हलव्यावरून चटकन कळेल. चीक काढायचा म्हणजे किती खटाटोप, हेही त्या जाणतात.

तुम्ही विचारले नाही, तरी एक गोष्ट सांगते. पहिल्या दिवाळीला मी ज्यू शेजाऱ्यांकडे घरचे बेसनाचे लाडू नेले होते. त्यांनी प्रेमाने घेतले, पण कोशर स्वयंपाकघरात न झालेले म्हणून त्यांना ते खाता आले नाहीत. मला फार वाईट वाटले, त्यांनाही अवघडल्यासारखे झाले. तेव्हापासून मी त्यांच्याच बेकरीतून बंद खोका घेते, त्यावरचे सील काढत नाही आणि सोबत दिवाळीची पणती देते. वसंतातल्या पेसाख या ज्यू सणाचे आठ दिवस मात्र पाव-केक काहीच नेऊ नका. त्या दिवसांत पाळणाऱ्यांच्या घरात खमिराचा कणही ठेवत नाहीत. तेव्हा न चिरलेली फळे न्या.