विभक्त कुटुंब: कोण कुणापासून विभक्त?

प्रश्न असा आलाय की मुलीच्या शाळेच्या पुस्तकात ‘आई, वडील आणि त्यांची मुलं म्हणजे विभक्त कुटुंब’ असं दिलंय, त्यावर मुलगी विचारते की आपण कुणापासून विभक्त झालो, आणि पेपरात नवरा-बायको वेगळे राहत असले की तेव्हाही हाच शब्द. मग विभक्त म्हणजे तुटलेलं का, आणि याला दुसरा शब्द आहे का?

ताई, मुलीचा प्रश्न बरोबर आहे आणि पुस्तकाची व्याख्या चुकीची आहे. पालकसभेत, भाषणांत, चॅनेलवरच्या चर्चेत ‘काय करणार, विभक्त कुटुंबातली मुलं, संस्कार कुठून येणार’ हे वाक्य सारखं कानावर पडतं आणि दरवेळी माझं डोकं उठतं. आई-बाप दोघं घरात आहेत, मूल शाळेत जातंय, कुणी कुणाशी भांडलेलं नाही, आणि निव्वळ एका विशेषणामुळे त्या घरात काहीतरी बिघडलंय असं सगळ्यांना वाटायला लागतं.

आधी ‘तुटलेलं’ हा समज काढून टाका. तुटलेलं म्हणजे भग्न, त्याचा धातू भञ्ज्, मोडणे. विभक्तचा धातू भज्, म्हणजे वाटून देणे, वाट्याला येणे. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. भाग, विभाग, भाग्य हे सगळे भज् चे, व्याकरणातली विभक्तीसुद्धा. भक्तीही तिथलीच, जुन्या संस्कृतात भक्ती म्हणजे वाटा, मग कुणाचा तरी होऊन राहणं, मग आजचा अर्थ.

पण खरी गंमत पुढे आहे. भक्त म्हणजे वाटलेला हिस्सा, त्यावरून वाढलेलं अन्न, त्यावरून शिजवलेला तांदूळ. संस्कृत भक्त, प्राकृत भत्त, मराठी भात! म्हणजे विभक्त या शब्दाच्या पोटात भात आहे. नोकरीतला भत्ता पण मी इथेच धरतो, काहीजण तो कानडी भत्तवरून आणतात आणि आपण फार मोठा शोध लावला अशा थाटात सांगतात, पण कानडी भत्त म्हणजे साळ, आणि तो शब्द तरी कुठून आला, याच भक्तवरून ना? फारसीतलं बख्शणं, म्हणजे आपलं बक्षीस, तेही याच मूळ धातूच्या इराणी शाखेतलं, आणि ग्रीकमधे हाच धातू ‘खाणे’ या अर्थापर्यंत पोचला. वाटणं आणि खाणं या दोन गोष्टी जुन्या माणसाला वेगळ्या वाटतच नसाव्यात.

आता माझं मत सांगतो, कोशात शोधू नका. घराच्या बाबतीत विभक्त हा शब्द आला तेव्हा त्याच्या मागे चूल होती असं मला पक्कं वाटतं. बृहस्पती या जुन्या स्मृतिकाराच्या नावावर एक श्लोक आहे, ‘एकपाकेन वसतां पितृदेवद्विजार्चनम्, एकं भवेद्विभक्तानां तदेव स्याद्गृहे गृहे’. एका स्वयंपाकात राहणाऱ्यांची पितर, देव, ब्राह्मण यांची पूजा एकच होते, विभक्त झालेल्यांची घरोघर वेगळी होते. बघा, विभक्तच्या विरुद्ध टोकाला त्याने एकत्र राहणारे, एका छपराखालचे असं काही म्हटलं नाही, ‘एकपाक’ म्हटलं. आणि इरावती कर्व्यांनी 1953 च्या नातेसंबंधांवरच्या पुस्तकात एकत्र कुटुंबाची व्याख्या केली ती काय, तर एका छपराखाली राहणारी, एका चुलीवरचं खाणारी, मालमत्ता सामाईक असणारी, एकत्र पूजाअर्चा करणारी आणि एकमेकांच्या विशिष्ट नात्यातली माणसं. चूल आणि पूजा दोन्हीकडे आहे, मधे इतकी शतकं गेली तरी. आजची जनगणना सुद्धा कुटुंब ठरवताना सामाईक स्वयंपाकघरच बघते. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले याला ‘चूल वेगळी केली’ म्हणतात ते उगाच नाही.

यावर कायदेवाले लगेच म्हणतील की विभाग म्हणजे मालमत्तेची वाटणी, चुलीचा काय संबंध. बरं, मालमत्तेचं घ्या. मिताक्षरेत, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या टीकेत, विज्ञानेश्वराने विभागाची व्याख्या दिलीय, की सगळ्या मालमत्तेवर अनेकांचं मिळून जे स्वामित्व असतं ते तिच्या एकेका भागावर ठरवून देणं. व्याख्या उत्तम आहे, पण तीही माझ्याच बाजूने बोलते ना! विभक्त व्हायला आधी अविभक्त असावं लागतं, विभक्त ही एक घडलेली घटना आहे, वाटणी झाली मग विभक्त. लग्न करून दोघांनी नवं घर मांडलं, वाटायला काही नव्हतंच, तर ते विभक्त कसे?

आणि याच्या उलटही होतंच की. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात, बायको-मुलं बरोबर, पण जमीन सामाईक, पैसे घरी पाठवतो, कार्याला सगळे एकत्र. व्याख्येप्रमाणे हे विभक्त कुटुंब, प्रत्यक्षात पूर्ण अविभक्त. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाईंनी गुजरातेत महुव्याचा अभ्यास करून हेच मांडलं, की एकत्रपण घरात किती डोकी आहेत त्यावर ठरत नाही, नाती, कर्तव्यं, मालमत्ता यावर ठरतं. पुढे दुसरे समाजशास्त्रज्ञ ए. एम. शहा यांनी 1973 मधे एका घरात राहणारा गट आणि कुटुंब या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. दोघांचं हे म्हणणं मला मान्य आहे. फक्त देसाईंनी एका चुलीला जे दुय्यम करून टाकलं ते अजिबात पटत नाही, कोण कुणाच्या चुलीवर जेवतं हे घरातल्या बाईला विचारा, कर्तव्यांची यादी त्यातूनच निघते.

गोंधळ झाला तो इथे. इंग्रजीत ज्याला न्यूक्लियर फॅमिली म्हणतात, जी संज्ञा अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मर्डॉकच्या 1949 च्या पुस्तकानंतर सगळीकडे पसरली, त्यातला न्यूक्लियस म्हणजे लॅटिनमधे कवचाच्या आतला गर, फळातली बी. म्हणजे ज्याच्याभोवती बाकीची नाती वाढतात ते बी, त्यात वेगळं होण्याचा अर्थ औषधालाही नाही. आपल्या लोकांनी काय केलं, एकत्रच्या विरुद्ध काय, तर विभक्त, असं म्हणून कायद्यातला वाटणीचा शब्द उचलला आणि चिकटवून दिला. एक शब्द कुटुंबात माणसं कोण ते सांगतो, दुसरा वाटणी झाली का ते सांगतो. समाजशास्त्राच्या पुस्तकांनी हे दोन प्रश्न एकच आहेत असं मुलांना शिकवायचं म्हणजे कमाल आहे, आणि मग तीच मुलं शिक्षक होऊन ‘विभक्त कुटुंबांमुळे मुलं बिघडली’ असे निबंध लिहून घेतात, ज्यात कुठलं कुटुंब आणि कशापासून विभक्त हे कुणी विचारत नाही.

म्हणून ताई, बीजकुटुंब म्हणा, न्यूक्लियसचा अर्थ त्यात नेमका येतो. केंद्र कुटुंब पण चालेल, पण ते मला थोडं सरकारी वाटतं. मुलीला परीक्षेत पुस्तकातलाच शब्द लिहावा लागेल, लिहू दे, पण तिने शिक्षकांना तोच प्रश्न विचारलाच पाहिजे. नवरा-बायकोबद्दल पेपरात येतो तो ‘विभक्त’ वेगळ्या राहण्याबद्दल असतो, घटस्फोट ही कायद्याने निराळी गोष्ट आहे, बातमीदारांनी दोन्ही एक करू नयेत. वाटणी होऊन भाऊ खरोखर वेगळे झाले असतील त्या घराला मात्र खुशाल विभक्त म्हणा, तो शब्द त्यांचाच आहे.