सीटमागची पेट्रोलची टाकी बदलताना (१९७१ ची शेव्हरोले सी-१०)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टेक्सासात १९७१ ची सी-१० पिकअप घेतलीत, काचा वर केल्या की केबिनमध्ये पेट्रोलचा वास येतो आणि सीटमागची टाकी खालून ओली दिसते. नवी टाकी तिथेच बसवायची की मागे हौद्याखाली न्यायची? शिवाय ओळखीचा वेल्डर म्हणतोय, "काढून आणा, डाग मारून देतो."

वेल्डरला आधी नाही म्हणून सांगा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. पेट्रोल ओतून टाकलं तरी सांध्यांत आणि गंजाच्या पापुद्र्यात उरतं, त्याची वाफ आत हवेत मिसळून बसते आणि तिला एक ठिणगी पुरते. कोल्हापूरला आमच्याकडे जीप होती, तिची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. ठिबकायला लागली की वडील अंगाच्या साबणाची वडी घासून भोक बुजवायचे आणि गाडी गॅरेजपर्यंत न्यायचे. तो साबण मला वेल्डिंगपेक्षा परवडला. तुमच्या गाडीला नव्या टाक्या सहज मिळतात, मग जुनीचा मोह कशाला?

पण गळतेय ती टाकीच, याची खात्री केलीत का? वर सेंडरच्या (टाकीतली पातळी मोजून काट्याला कळवणाऱ्या भागाच्या) गॅस्केटमधून किंवा नळीच्या टोकाशी झिरपलेलं पेट्रोल ओघळून खालीच जमतं. टाकी कोरडी पुसा, तिच्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि दोन तास थांबा. ओघळ कुठून निघतो ते पावडरीत रेघेसारखं दिसतं. मी एकदा हे न करता टाकी मागवली होती. दोष निघाला बोटभर लांबीच्या रबरी नळीत.

जागेबद्दल माझं मत: गाडी बरीचशी मूळ स्थितीत असेल तर टाकी सीटमागेच ठेवा. पाठीशी ७५ लिटर पेट्रोल घेऊन बसायची भीती वाटते, हे मान्य. पण १९७३ पासून जनरल मोटर्सने टाक्या बाहेर काढल्या त्या चॅसीच्या पट्ट्यांच्या बाहेर, दोन्ही बाजूंना. बाजूने धडक बसली की पेट घेतात म्हणून १९८७ पर्यंतच्या त्या गाड्यांवर मोठा वाद झाला आणि १९९४ मध्ये कंपनीशी तडजोड होऊन सरकारी चौकशी मिटली. तेव्हा हलवायचीच असेल तर मागे, दोन पट्ट्यांच्या मध्ये, हौद्याखाली. तिथे स्टेपनीची जागा जाते, सायलेन्सरचा पाइप जवळ येतो, इंधनाची लाइन लांबते आणि पेट्रोल भरायच्या तोंडासाठी हौद्याच्या फळीत किंवा बाजूच्या पत्र्यात भोक पाडावं लागतं. पहिल्याच गाडीवर हा उद्योग नको.

आता काम. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडी उघड्यावर घ्या. अमेरिकन गॅरेजमध्ये बऱ्याचदा गॅसचा वॉटर हीटर असतो, त्याची ज्योत अनेकदा सतत जळत असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरत जाते. हीटर जमिनीपासून अठरा इंच वर ठेवायचा नियम त्याचसाठी आहे, पण त्या नियमाच्या भरवशावर तुम्ही राहू नका. पेट्रोल हातपंपाने काढा, तोंडाने ओढू नका. जुनं पेट्रोल काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर जातं, गटारात नाही.

सीटचे बोल्ट सोडले की सीट दोघांनी उचलून बाहेर. मग टाकीचे बोल्ट. आदल्या रात्री गंजावर तेल मारून ठेवा. लाइन सोडवलीत की लगेच टोकाला बूच लावा, टाकी इंजिनाच्या पेट्रोल पंपापेक्षा उंच असल्याने उरलंसुरलं पेट्रोल वाहत राहतं. टाकीचं तोंड केबिनच्या बाजूच्या पत्र्यातून रबरी ग्रोमेटमधून (भोकाच्या कडेला बसवलेल्या कड्यातून) बाहेर जातं. जुनं ग्रोमेट दगडासारखं झालेलं असतं, ते कापूनच काढा. टाकी आधी आत ओढायची, मग तिरकी करून दारातून बाहेर. मागे काय सापडेल याला नेम नाही. माझ्या गाडीत उंदराचं घरटं होतं आणि त्याखाली तळवा जाईल एवढं भोक. टाकी बाहेर आहे तोवरच तो पत्रा खरवडून रंगवून घ्या.

नवी टाकी आली की टॉर्चच्या उजेडात आत डोकावा. माझ्या टाकीत पत्र्याचे बारीक कीस निघाले, थोडं पेट्रोल घालून हलवून दोनदा विसळल्यावर गेले. सेंडर बसवण्याआधी मल्टिमीटर लावून त्याचा दांडा हाताने वर-खाली करा. फ्लोट (दांड्याच्या टोकाचा तरंगता भाग) खाली असताना शून्य ओहम, वर असताना नव्वदच्या आसपास दिसलं पाहिजे. मधेच आकडा उडी मारत असेल तर सेंडर परत पाठवा.

आणि अर्थिंग. टाकी रबराच्या पट्ट्यांवर बसते, तोंड रबरात, लाइनला रबरी जोड. चकचकीत रंगवलेल्या नव्या टाकीचा बॉडीशी धातूचा संबंधच उरत नाही. या गाड्यांत अर्थ तुटला की पेट्रोलचा काटा रिकाम्याकडे जात नाही, भरलेल्याच्याही पलीकडे जातो. मी मोठ्या समाधानाने तो काटा बघत ओहायोच्या एका हायवेवर पेट्रोल संपवून उभा राहिलो, बायको शेजारी. तेव्हापासून सेंडरच्या बॉडीपासून केबिनच्या उघड्या पत्र्यापर्यंत वेगळी काळी वायर टाकतो.

नळ्या सगळ्या नव्या, एसएई ३०आर७ (इंधनाच्या रबरी नळ्यांचं मानक) छापलेल्या. इथल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये सहसा दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात फुगतं आणि सुटतं. तुमच्या टाकीला वाफेची वेगळी नळी नसेल तर झाकण हवा आत घेणारंच हवं. नाही तर गाडी वीस मैल झकास पळते आणि मग आचके देत बंद पडते. झाकण उघडताना फुस्स आवाज आला आणि त्यावर गाडी पुन्हा चालू झाली, तर दोष झाकणाचा.

बसवताना ग्रोमेटला साबणाचं पाणी लावून आधी तोंड बाहेर काढा, मग टाकी उभी करून मागे ढकला. बोल्ट सगळे हाताने धरून झाल्यावरच आवळा, आणि पत्रा चेपेल इतके नाही.

सीट लगेच लावू नका. दोन गॅलन टाका, खाली कोरा पुठ्ठा ठेवा, रात्र जाऊ द्या. मग पंपावर नेऊन भरा, पण गळ्यापर्यंत नको, तुमच्याकडच्या उन्हात पेट्रोल फुगतं. गाडी तासभर उन्हात काचा बंद करून ठेवा आणि मग दार उघडून आत डोकं घाला. वास आलाच तर आधी ग्रोमेट तपासा, नंतर सेंडरची गॅस्केट, मग नळ्यांचे क्लॅम्प. नव्या टाकीवर संशय सगळ्यात शेवटी.