फोटो ‘हार्ड डिस्कवर टाकलेत’ म्हणजे नेमकं काय केलंय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की कपाटातून एक हार्ड डिस्क निघते, लावून बघतात, चालत नाही, आणि मग लोक माझ्याकडे येतात. यंदा नाशिकभरातून आलेल्या प्रश्नांतले निम्मे तेच आहेत, म्हणून एकदाच सगळ्यांना मिळून लिहिते.

प्रश्न : ताई, मोबाईल आणि लॅपटॉप मिळून अठरा हजार फोटो झालेत. फोल्डर माणसांप्रमाणे करू की कार्यक्रमाप्रमाणे? (इंदिरानगर)

वर्षाप्रमाणे. माणसांप्रमाणे केलंत तर आजी आणि नातू एकाच फोटोत आहेत, तो कुणाच्या फोल्डरमध्ये टाकायचा यावर अर्धा तास जाणार आणि शेवटी तुम्ही दोन्हीकडे टाकणार. आधी वर्षाचा फोल्डर, त्याच्या आत ‘२०२४-०२-११ वहिनीचं डोहाळजेवण’ असं नाव. वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने, महिना दोन आकडी, नुसता २ नाही, आणि टाइप करताना आकडे इंग्रजी कीबोर्डचे, म्हणजे कॉम्प्युटर आपोआप ओळीने लावतो. परवा एकांचा लॅपटॉप उघडला तर त्यात ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर ३’, ‘मोबाईल जुना’, ‘मोबाईल जुना खरा’, मग ‘सगळे फोटो फायनल’ आणि फायनलच्या पोटात परत ‘न्यू फोल्डर’. २०१५ च्या सिंहस्थाचे फोटो तीन ठिकाणी होते, नातीच्या बारशाचे एकाही ठिकाणी नव्हते.

अठरा हजार एका बैठकीत होत नाहीत, या वर्षापासून सुरू करा, मागचं दर रविवारी थोडं थोडं. पण हात लावायच्या आधी सगळ्याची एक कॉपी जशीच्या तशी बाजूला काढा. आवरताना उडालेले फोटो माझ्याकडे फार येतात.

प्रश्न : आयफोनचे फोटो एचईआयसी (आयफोनचा फोटो साठवायचा प्रकार) मध्ये येतात. सगळे जेपीजी करून ठेवू का? (कॉलेज रोड)

नको. मूळ फाइल ठेवा, कुणाला द्यायचा असेल तेवढ्यापुरता जेपीजी करा.

प्रश्न : मुलगा बंगळुरूहून नातवाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, मी तेच सेव्ह करतो. चालेल ना? (पंचवटी)

बघायला चालेल, जपायला नाही. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं आणि फोटो कधी काढला ती फाइलच्या आतली माहिती पण जाते. त्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

प्रश्न : सगळं गूगल फोटोजवर आहे, मग मोबाईलमधले उडवून टाकले तर काय बिघडतं? (सिडको)

कुठून उडवताय त्यावर आहे. गूगल फोटोजच्या अ‍ॅपमध्ये जाऊन साधं डिलीट केलंत तर मोबाईलमधलाही जातो आणि गूगलवरचाही, कचरापेटीत ६० दिवस राहतो आणि मग कायमचा गेला. मोबाईलची जागा रिकामी करायची असेल तर त्याच अ‍ॅपमध्ये वेगळा पर्याय आहे, तो फक्त चढवून झालेल्या फोटोंची मोबाईलमधली कॉपी काढतो. आणि ‘सगळं’ चढलंय हे बघितलंत का? अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली, आता १५ जीबी, तीही जीमेल आणि ड्राइव्ह धरून. ती भरली की पुढचे फोटो चढायचे थांबतात आणि वरची सूचना कुणी वाचत नाही. आधी जागा किती उरलीय ते बघा, आणि कळत नसेल तर डिलीटला हात न लावता जाणकाराला मोबाईल दाखवा.

प्रश्न : ऑनलाइन सातशे रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह मिळतोय. घेऊ का? (सातपूर)

घेऊ नका. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि कॉम्प्युटरला २ टीबी आहे असं खोटं सांगायची सोय करून ठेवलेली असते. तुम्ही टाकत राहता, नावं दिसत राहतात, कुठे एरर येत नाही, आणि सहा महिन्यांनी उघडायला गेलं की अर्ध्या फाइली उघडतच नाहीत. यातले फोटो परत काढून द्या म्हणणारे येतात, अहो, ते कधी लिहिलेच गेले नाहीत तर काढू कुठून? खाली पाच स्टार दिलेत म्हणून सांगू नका, ते पार्सल आलं त्या दिवशीचे स्टार असतात. आधीच घेतला असेल तर एच२टेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो अख्खा ड्राइव्ह भरून परत वाचून बघतो. त्यात फोटो असतील तर आधी ते दुसरीकडे काढा, मगच टेस्ट.

प्रश्न : मी मोबाईल भरला की सगळे फोटो हार्ड डिस्कवर टाकून मोबाईल रिकामा करतो. बॅकअप आहे, काळजी नाही, बरोबर? (गंगापूर रोड)

चूक, आणि याच्यावरच मला बोलायचंय. तुम्ही बॅकअप घेतला नाहीत, तुम्ही फोटोंचं घर बदललंत. आधी एकच कॉपी मोबाईलमध्ये होती, आता एकच कॉपी डिस्कमध्ये आहे. बॅकअप म्हणजे एक गेली तरी दुसरी असते. जाणकार ३-२-१ म्हणतात : तीन कॉपी, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जागी, आणि त्यातली एक घराबाहेर. घरच्या माणसाला याचा अर्थ एवढाच, की लॅपटॉपवर एक, हार्ड डिस्कवर एक, आणि एक क्लाउडवर (म्हणजे गूगल फोटोजसारख्या इंटरनेटवरच्या जागेत) किंवा दुसऱ्या घरी ठेवलेल्या डिस्कवर. मुलगी पुण्याला असेल तर तिच्याकडे ठेवा, दिवाळीला आली की अदलाबदल करा.

घराबाहेर कशाला, असं प्रत्येकजण विचारतो. मी पण शहाणी होते. दोन डिस्क होत्या माझ्याकडे, दोन्हींवर तेच फोटो, आणि दोन्ही सराफ बाजाराजवळच्या जुन्या जागेत एकाच कपाटाच्या खालच्या कप्प्यात. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदेला पूर आला, गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीला (पूर किती ते नाशिककर याच मूर्तीवरून बघतात) पाणी किती लागलं याचे फोटो सगळं नाशिक एकमेकांना पाठवत होतं आणि मी पण पाठवत होते, कपाट आठवलं संध्याकाळी. डिस्कच्या पिशवीतून चहाच्या रंगाचं पाणी निघालं. त्यातल्या एकीतून थोडं वाचलं, आईच्या साठीचे फोटो नाही वाचले.

आणि डिस्क कायम लॅपटॉपला लावून ठेवू नका, व्हायरस आला तर तिच्यावर पण बसतो. महिन्यातून एकदा लावायची, नवीन टाकायचं, जुन्यातले दहावीस फोटो खरंच उघडून बघायचे, नुसती नावं नाही, आणि काढून ठेवायची. एक डिस्क पाचसहा वर्षं जुनी झाली असेल तर ती चालतेय तोवरच नवीन घ्या. कुठल्या साइजची हे तुमचं सामान बघूनच सांगता येईल.

प्रश्न : डिस्क पडली, आता टकटक वाजते. फ्रीजरमध्ये ठेवली की चालते असं मित्र म्हणाला. (नाशिकरोड)

काढा आधी फ्रीजरमधून! आत दव धरतं. टकटक म्हणजे बहुतेक वेळा आतलं हेड, म्हणजे डिस्क वाचणारा भाग, बिघडलंय आणि प्रत्येक वेळी लावलीत की ते पातीवर (आतली गोल चकती, फोटो तिच्यावरच असतात) घासायची शक्यता, पातीवर गोल चरा उमटला की तिथले फोटो कुणीच आणू शकत नाही. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर पण चालवू नका. वायर काढा, रिकव्हरीवाल्याकडे न्या, आणि ‘शंभर टक्के काढून देतो’ असं डिस्क न बघताच फोनवर म्हणाला तर दुसरा शोधा.

प्रश्न : आईवडिलांच्या लग्नाचा चिकट पानांचा अल्बम आहे. फोटो सोलून स्कॅन करायचेत, घाई नाही. (देवळाली कॅम्प)

घाई आहे, तो गोंद फोटोला पिवळा करतोय. पण सोलू नका, फाटतील. वरचं प्लास्टिक हलकेच उचललं जात असेल तर पान आहे तसंच ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके, स्कॅनरमध्ये हा आकडा निवडता येतो) स्कॅन करा, आणि फाइलला स्कॅनची नाही तर लग्नाची तारीख द्या. प्लास्टिक उचलत नसेल तर तसाच घेऊन या, बघून सांगते.